आल्ले, दाल्ले, नेल्ले

धान घरात आलं की आमच्या घरातली खिडकी नाहीशी होते. पोती भिंतीला लावून एकावर एक रचतात आणि थर चढत चढत खिडकी झाकली जाते. मग समोरच्या खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागतो. यंदाही तसंच झालं. परवा बाबांनी आणि भावाने पोती रचली आणि मी दारात उभी राहून उजेड कमी होताना पाहत होते. नव्या धानाचा वास थोडा ओला, थोडा धुळीचा असतो. तो घशाला खवखवतो आणि तरी घ्यावासा वाटतो. त्या वासाबरोबर मला मागच्या वर्षीची कापणी आठवते. आणि सांगायला जरा विचित्र वाटतं, पण त्या कापणीबरोबर इटालियन भाषेतले नऊ छोटे शब्द आठवतात.

दी, आ, दा, इन, कोन, सू, पेर, त्रा, फ्रा.

तिकडची मुलं हे असंच पाढ्यासारखं म्हणतात, असं आमच्या मॅडमनी सांगितलं होतं. चा, ला, हून, त, सोबत, वर, साठी, मध्ये, आणि पुन्हा मध्ये. अर्थ असे लिहून घेतले तेव्हा वाटलं, एवढंच तर आहे. दुपारी पाठ केले की संध्याकाळी झाले. तसं झालं नाही. मला अजूनही खात्रीने म्हणता येणार नाही की ते मला येतात.

मी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे पुढे काय काय असतं, कोणत्या दाराला हात लावून पाहायचा, हे विचारायला घरात कोणी नव्हतं. नागपूरची एक संस्था नर्सिंगच्या मुलींना इटलीतल्या दवाखान्यांत पाठवते असं कॉलेजात कळलं आणि मी नाव दिलं. अट एकच होती. भाषा बी-वन पातळीपर्यंत यायला हवी आणि तिची तोंडी परीक्षा नागपूरला जाऊन द्यायला हवी. जी त्या दिवशी पास होईल ती त्या बॅचबरोबर पुढे जाईल. जी परीक्षेला जाणार नाही, तिची जागा दुसऱ्या कोणाला. वर्ग मोबाइलवर, रोज दुपारी भरायचा. शिकवणाऱ्या अनघा मॅडम पुण्याच्या.

दिवाळी झाली, कापणी लागली आणि माय डोक्यावर भारा घेऊन धानाच्या बांधीतून येताना अरुंद धुऱ्यावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. गोंदियाला ऑपरेशन झालं, आत सळी घातली. हाड जुळेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबा आणि भाऊ शेतात. कापलेल्या धानाच्या कडपा तशाच पडून होत्या आणि आभाळ भरून येत होतं, त्यामुळे त्यांना घरी थांबा म्हणण्यात अर्थ नव्हता. मी कॉलेजातून रजा घेतली. मायची खाट समोरच्या खोलीत टाकली, कारण मागच्या खोलीचा उंबरा उंच. काही दिवसांनी थ्रेशरवरून धान आलं. त्यालाही तीच खोली. मग खाट, पोती, आणि त्यांच्या मधल्या बोळकांडीत एका प्लास्टिकच्या खुर्चीवर मी. मोबाइल पोत्याला टेकवलेला.

"दी, आ, दा, इन, कोन..."

"कोन आलं?" माय डोळे न उघडता विचारायची.

"कोनी नाही माय. कोन म्हणजे सोबत."

"हो, पन सोबत कोन आलं?"

मी परत सुरुवात करायचे. कोन झालं की पुढे सू.

"मले नाही लागली," माय म्हणायची.

"तुले नाही विचारलं. सू म्हणजे वर."

"लहान पोराले धरून बसल्यासारखं करून राहिली. अन हे शिकून तुले दवाखान्यात ठेवतीन?"

बाबा जेवायला यायचे तेव्हा मी पेरवर असायचे. एकदा ते हात धुता धुता म्हणाले, "कापनीच्या दिवसात पेर म्हणून राहिली. तिकडे कोनता हंगाम चालू आहे?"

पेर म्हणजे साठी, मी सांगितलं. मग आठवलं म्हणून पुस्तकातला एक फोटो दाखवला. इटलीच्या उत्तरेला धान होतं. पाण्याने भरलेल्या लांबच लांब बांध्या, मागे बर्फाचे डोंगर. बाबांनी ओल्या बोटांनी फोटो मोठा करून पाहिला, डोंगर सोडून दिले, पाण्याकडे पाहिलं. "पानी बराबर आहे," म्हणाले आणि जेवायला बसले. इटलीबद्दल त्यांनी माझ्याजवळ काढलेले हे बहुधा सगळ्यात चांगले शब्द.

आपल्या भाषेत हे शब्द नंतर येतात. शाळेत शब्दयोगी अव्यय शिकलो होतो, पण त्यात शिकण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. घरात, घराहून, घरापाशी, मायजवळ, मायसाठी. आधी घर येतं, मग त्या घराशी आपलं काय नातं आहे ते. आधी माय, मग जवळ. इटालियनमध्ये उलटं. आधी 'जवळ', मग माय. आधी 'हून', मग घर. एवढंसं वाटतं, पण बोलताना माझी त्यातच अडचण व्हायची. आपण मराठीत वाक्य सुरू करतो तेव्हा 'माय' म्हणतो आणि तिथे एक श्वास मिळतो. त्या श्वासात ठरवता येतं की मायला, मायचं, मायकडून, की मायवाचून. त्या भाषेत तो श्वास नाही. नाव तोंडातून निघण्याआधी ठरलेलं असायला हवं की तू तिच्याकडे चालली आहेस की तिच्यापासून. माझं ते कधीच ठरलेलं नसायचं. मॅडम प्रश्न विचारायच्या आणि मी गप्प व्हायचे. त्यांना वाटायचं, हिला शब्द आठवत नाही. शब्द आठवत असायचा. त्याच्या आधीचं आठवत नसायचं.

हे नऊ शब्द पुन्हा एकटे राहत नाहीत. पुढच्या नामाच्या आधी जो छोटा शब्द असतो त्याला चिकटतात आणि त्यांचं रूप बदलतं. आ आणि ले मिळून आल्ले. दा आणि ले मिळून दाल्ले. इन आणि ले मिळून नेल्ले. सू आणि ले, सुल्ले. मॅडमनी हा तक्ता दाखवला तेव्हा मी बघतच राहिले. सगळ्यांच्या शेवटी ले.

यात काय एवढं, असं पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला वाटेल. आमच्याकडे 'ला' नसतो, 'ले' असतो. मले, तुले, घरले, गोंदियाले, रातले. पाचवीत असताना मराठीच्या सरांनी मला उभं करून म्हणायला लावलं होतं, "मले नाही, मला. म्हण, मला." मी म्हटलं. वर्गातले सगळे तसेच बोलणारे, तरी सगळे हसले. तेव्हापासून मी दोन मराठी बोलते, एक घरी आणि एक लिहिताना. ही लिहितानाची. गोंदियात कॉलेजला गेल्यावर तिसरी हिंदी झाली. त्या तक्त्यात माझ्या घरचा ले मला असा भेटला की जणू कोणी माझी बाजू घेतली. आल्ले मी आधी वेळेसोबत शिकले होते. ड्युटी आल्ले ओत्तो, म्हणजे आठ वाजता. आम्ही 'रातले ये' म्हणतो, तसंच. मी मनात गाठ बांधली, आल्ले म्हणजे आपला ले.

आणि मग मी सगळीकडे आल्ले लावत सुटले. आल्ले मिलानो. आल्ले गोंदिया. आल्ले माय.

एका दुपारी मॅडमनी मला थांबवलं. "प्रणाली, शहराच्या आधी नुसता आ येतो. आ मिलानो. देशाच्या आधी इन. तू प्रत्येक वेळी आल्ले का म्हणतेस?"

मी वहीत तक्ता शोधू लागले.

"चुकतेस त्याचं काही नाही. पण तू एकसारखी चुकतेस. म्हणजे त्याला कारण असणार. घरी तुम्ही 'मी मिलानला जाते' हे कसं म्हणता?"

सगळी बॅच ऐकत होती. मी हळू आवाजात म्हणाले, "मी मिलानले जातो."

मॅडम हसल्या नाहीत. कागदावर काहीतरी लिहीत असाव्यात, कारण त्यांचा चेहरा खाली गेला. मग म्हणाल्या, "छान सापडलं. आता ऐक. जाण्याचा अर्थ आल्लेतल्या आ मध्ये आहे. ले नुसता पुढे येणाऱ्या नामासाठी आहे, एकाहून जास्त स्त्रीलिंगी वस्तू येणार आहेत एवढंच तो सांगतो. तुमचा ले तुला पोचवतो. त्यांचा ले कुठेच पोचवत नाही. तुला पोचायचं असेल तर सुरुवातीच्या आ कडे बघ."

मी मान डोलावली. माइक सुरूच होता. त्याच वेळी मागून मायचा आवाज आला. "पोरी, ते भांडं आण वं लवकर."

भांडं म्हणजे बेडपॅन. बॅचमधल्या मुली नर्सिंगच्याच, त्यांना कोणी सांगायला नको होतं. कोणी हसलं नाही, पण मला माझा चेहरा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत होता, एवढासा, मागे पोती. मी मोबाइल उलटा ठेवला.

त्या दिवसांचं मला जे आठवतं ते बहुतेक असंच आहे. मी बसले की हाक. पाणी दे. उशी वर कर. पाय वाकडा झाला काय पाह. माशी आहे. दार लोट. दार उघड, गुदमरून राहिलं. मी नर्सिंग शिकलेली आहे, मला माहीत आहे की खाटेवरचा माणूस काही हवं असतं म्हणूनच हाक मारतो असं नाही. आपण आहोत का ते तो पाहत असतो. माहीत असूनही हाक ऐकली की मानेत एक शीर ओढल्यासारखी व्हायची. वॉर्डात ड्युटी संपते. इथे पोती, भिंत, खाट. खिडकी नाही. बाहेर अख्खं गाव मोकळ्या उन्हात, थ्रेशरचा आवाज दिवसभर, आणि मी आत बसून दुसऱ्या एका देशात कसं जायचं, कसं राहायचं, कोणाच्या शेजारी, कशाच्या खाली, हे पाठ करत होते. कधी कधी ती भाषा सुटका वाटायची. कधी वाटायचं, तीही एक पोतंच आहे, मीच ओढून खिडकीला लावलेलं.

अभ्यासाला मॅडमनी सांगितलं, आपल्या खोलीचं वर्णन करा. कोणती वस्तू कुठे आहे. बाकी मुलींच्या खोल्यांत टेबल होतं, टेबलावर पुस्तकं. मी लिहिलं, मोबाइल पोत्यावर आहे. चार्जर पोत्याखाली आहे. आई खाटेवर आहे. हे शेवटचं चुकलं. मॅडमनी दुरुस्त केलं. माणूस आजारी असून अंथरुणाला असेल तर सू नाही, आ. आ लेत्तो. घरी असेल तर आ काझा. गावात, शहरात, तेही आ. मग मला दिसलं की माय आ लेत्तो, मी आ काझा, आणि परीक्षा आ नागपूर. तिघांना एकच अक्षर. जाणाऱ्यालाही तेच, पडून असलेल्यालाही तेच.

वर्णनाचं शेवटचं वाक्य, मी पोत्यांच्या मध्ये आहे. त्रा ई साक्की. हे बरोबर आलं. त्रा म्हणजे दोन वस्तूंच्या मध्ये. पण पान उलटल्यावर त्याचा दुसरा अर्थ होता. वेळेच्या आधी त्रा लावला की 'एवढ्या काळानंतर' असा अर्थ होतो. त्रा पोको, म्हणजे थोड्या वेळाने. मी ते दोन अर्थ कितीतरी वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहत होते. अडकलेल्या माणसाचा आणि होऊ घातलेल्या गोष्टीचा शब्द एकच कसा असेल? कदाचित त्या लोकांनी असा काही विचार केला नसेल. शब्द कसेही वाढतात. पण मला त्या खोलीत बसून ते दुर्लक्षून पुढे जाता येईना.

सगळ्यात वेळ मात्र दा ने घेतला. दा म्हणजे हून, पासून. गोंदियाहून येते, वेंगो दा गोंदिया. पण माणसाकडे जायचं असलं तरी दा. मायकडे जाते, वादो दा मिया माद्रे. मायकडून येते, वेंगो दा मिया माद्रे. मी हे मोठ्याने म्हणत होते आणि माय ऐकत होती. एव्हाना तिला त्यातलं बरंच ऐकून ऐकून कळायला लागलं होतं. माद्रे म्हणजे ती, हे तर तिने कधीच धरलं होतं.

"माझं काय सांगून राहिली त्यायले?"

"एकदा तुझ्याकडे जाते म्हटलं, एकदा तुझ्याकडून येते म्हटलं."

"दोन्हीले दाच?"

"हो."

"मंग त्यायले समजते कसं, पोरगी येऊन राहिली का जाऊन राहिली?"

"आधीच्या क्रियापदावरून समजते माय."

सळी घातलेला पाय उशीवर होता, त्याच्याकडे पाहून माय म्हणाली, "म्हंजे पाय कोनीकडे आहेत ते पाहा लागते."

मी वहीत तसंच लिहून घेतलं. त्यानंतर दा मध्ये मी फारशी चुकले नाही.

परीक्षेचा दिवस जवळ आला तेव्हा आमच्या घरात त्याबद्दल कोणी बोलेना. जायचं म्हणजे पहाटे निघायचं आणि अंधार पडताना यायचं. तेवढा दिवसभर मायजवळ कोणीतरी बाई हवी. बाबांनी वनिता आत्याचं नाव काढलं. वनिता आत्या बाबांची धाकटी बहीण. मुर्रीला असते, गोंदियाच्या अगदी कडेला. बोलवली तर त्याच दिवशी येईल. मायने भिंतीकडे तोंड केलं.

वनिता आत्याचं आणि मायचं जुनं आहे. मायच्या लग्नात तिच्या पायातली चप्पल मोठी होती, कोणाची तरी मागून आणलेली, आणि मांडवात चालताना ती सुटली. वनिता आत्या सगळ्यांच्या आधी हसली. एवढंच. पण माय ते विसरली नाही.

"जे माझ्या पायाले हसली, तिच्यापुढे मी लुगडं वर करू?" बाबा गेल्यावर ती मला म्हणाली. "तुझी गोष्ट वेगळी. तू पोटची आहेस. अन तुले त्या कामाचं शिक्षण आहे."

"माय, एका दिवसाचीच गोष्ट आहे."

"एका दिवसाची कायले? आज नागपूर, उद्या इटली. मले का समजत नाही?"

मी म्हणाले, "नाही जात मी."

माय जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही. भिंतीकडेच पाहत राहिली. मी भांडी घासायला मागे गेले. मनात काही फार उसळलं वगैरे नाही. वाटलं, असंच असतं. पहिल्यांदा शिकणाऱ्याच्या वाट्याला एवढंच येतं, दारापर्यंत.

दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सकाळपासून तिने मला भांडं मागितलं नव्हतं. तांब्यातलं पाणी तेवढंच होतं. चहा दिला तर नको म्हणाली. जेवणात वरण नको, कोरडा भात दे. दुपारी वर्ग सुरू असताना एकही हाक आली नाही, आणि मला वाटलं, झोप लागली असेल. संध्याकाळी तिने भांडं मागितलं तेव्हा त्यात जेमतेम थोडी लघवी होती, गडद, तीव्र वासाची. हे पाहायला आम्हाला शिकवलेलं असतं. मी ओठ पाहिले. कोरडे.

"तू पानी नाही पिऊन राहिली. काऊन?"

"नाही वाटलं."

"माय, खोटं नको बोलू. ऑपरेशन झालेलं आहे. असं पडून राहायचं अन पानी नाही प्यायचं, काय होते माहीत आहे?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पाहून राहिली होती. एक दिवस निघते का तसाच. निघते. तू सकाळी निघताना एकदा करून देजो, अन आल्यावर एकदा. मध्ये कोनी नाही लागत."

दिवसभर ती खाटेवर पडून माझ्या जाण्याचा सराव करत होती आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसून माझा करत होते. मी तिला अडवणारी समजले होते. मी तांब्या तिच्या तोंडाशी धरला आणि म्हणाले, हे पाणी प्यायली नाहीस तर मी नागपूर काय, अंगणातही जाणार नाही. ती प्यायली, सगळा तांब्या. मग तिने बाबांना हाक मारली आणि म्हणाली, "वनिताले फोन लावा."

वनिता आत्या आली ती दारातूनच बोलत आली. "काय वयनी, धानाच्या गोदामात झोपली का?" माय म्हणाली, "हो, बस त्या पोत्यावर, उंदीर असतीन तं पळतीन." मी दोघींकडे पाहिलं आणि वाटलं, उद्या संध्याकाळपर्यंत यांच्यातली एक तरी घर सोडून जाईल. मायला तर जाताच येणार नव्हतं.

नागपूरला परीक्षेच्या खोलीत एक टेबल होतं, समोर एक बाई आणि एका स्क्रीनवर दुसऱ्या बाई, इटलीतून. आधी ओळख सांगायची. मी सांगितलं, मी कुठली, काय शिकते, घरी कोण. आई आ लेत्तो आहे, हेही सांगितलं. मग एक चित्र दिलं, स्वयंपाकघराचं. टेबलाखाली मांजर, शेगडीवर भांडं, खिडकीच्या शेजारी म्हातारा माणूस. मी एकेक शब्द जागेवर ठेवत गेले. दोनदा आल्ले नको तिथे आला, दोन्ही वेळा मी परत मागे जाऊन काढला. स्क्रीनवरच्या बाईंनी ते ऐकलं असणारच.

शेवटी त्यांनी विचारलं, क्वांदो पार्ते? कधी निघता?

परीक्षेतला प्रश्न होता, खरं उत्तर द्यायची गरज नव्हती. पण मला खोटं पटकन सुचत नाही. मी म्हणाले, स्तो पेर पार्तीरे. मी निघण्याच्या बेतात आहे. ही रचना मॅडमनी शेवटच्या आठवड्यात शिकवली होती. स्तो हे राहण्याच्या क्रियापदाचं रूप. पुढे पेर लावायचा, त्यापुढे निघणं. शब्दशः, मी निघण्यासाठी राहिले आहे. बॅचमधल्या मुलींना ते विचित्र वाटलं होतं. जायचं आहे तर राहणं कशाला आणायचं मध्ये, असं एकीने विचारलंही. मला विचारावंसं वाटलं नाही. आमच्याकडे माणूस जाऊन राहतो, येऊन राहतो, रडून राहतो, मरून राहतो. घर सोडतानासुद्धा, जाते आहे या अर्थाने, आम्ही 'जाऊन राहिली' म्हणतो. ते शिकायला मला नागपूरपर्यंत यायची गरज नव्हती.

बाई हसल्या. बस, झालं, म्हणाल्या.

मी पास झाले. यंदा हे लिहिताना ते सांगून टाकते, कारण ते लपवण्यासारखं नाही. पण पास होणं म्हणजे निघणं नव्हे हेही आता कळलं आहे. कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जात आहेत, व्हिसाची तारीख पुढे सरकते आहे. बॅचच्या मुलींना आपापल्या गावात लोक विचारतात, गेली नाही का अजून? मलाही विचारतात. गोरेगावच्या बाजारात एक ओळखीची बाई म्हणाली, "इटली म्हंजे आमगावच्या पलीकडेच असन, नाही?" मी हसले. काय सांगणार. मी आहे ती अजून आ काझा. माय काठी घेऊन चालते, यंदा कापणीला बांधीत गेली नाही पण धुऱ्यावर बसून सगळ्यांना ओरडत होती. पोती पुन्हा खिडकीपर्यंत आली आहेत.

मला वाटतं, माझं निघणं झालं असेल तर ते त्या दिवशी संध्याकाळी झालं, नागपूरहून परत आल्यावर. बसमधून उतरून घरी आले तेव्हा दिवे लागले होते. आत गेले तर वनिता आत्या पोत्यावरच बसली होती आणि दोघी कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. मायने मला पाहिलं. कसा गेला पेपर, असं विचारलं. ती तोंडीलाही पेपरच म्हणते. बरा गेला, मी म्हणाले. पिशवी ठेवली, हात धुतले, आणि सवयीने खाटेखालचं भांडं घ्यायला वाकले.

"राहू दे," माय म्हणाली. "तू बस. वनिते, ये वं."

"मी आहे ना आता माय."

"आज आहेस. मले सवय पडू दे."

वनिता आत्याने माझ्या हातातून भांडं घेतलं. "तू जा बाहेर," ती म्हणाली, "हिले लाज वाटते तुझी." माय काहीतरी शिवी पुटपुटली आणि आत्या हसली. या वेळी मायही हसली असावी, मला दिसलं नाही.

मी अंगणात येऊन उभी राहिले. हात ओले होते. आतून दोघींचा आवाज येत होता, जरा कुरकुर, जरा भांडण, पाय असा नको धरू, मंग कसा धरू. मी बराच वेळ तिथेच थांबले. मला कोणी हाक मारली नाही.